एकटेपणाचा एक गुण

अमेरिकेत साठीपुढच्यांसाठी सामुदायिक भोजन केंद्रे चालतात. 1972 च्या कायद्याने त्यांना तिथल्या केंद्र सरकारचा पैसा मिळतो. कायदा मोठा दिलदार: उत्पन्नावरून कुणाला नाकारायचे नाही, ताटात दिवसाच्या पोषणाचा तिसरा हिस्सा हवाच, आणि पैसे सक्तीचे नाहीत. (स्वेच्छेचे पाकीट मात्र हाताशी असते.)

पण भूक मोजल्याशिवाय वाढणे शास्त्रीय नव्हे. म्हणून दहा प्रश्नांची पोषण-तपासणी. अन्नाला पैसे पुरत नाहीत? 4 गुण. दात-तोंडाच्या त्रासाने खाणे कठीण जाते? 2. जवळजवळ रोज दारूचे तीन किंवा अधिक पेले? 2. बहुतेक वेळा एकटेच जेवता? 1.

एकटेपणा दारूच्या बरोब्बर निम्मा! या नेमकेपणाला दाद द्यायलाच हवी. एकटेच जेवून रोज तीन पेले रिचवणाऱ्या आजोबांचे 3 गुण होतात, म्हणजे धोका मध्यम. 'जास्त धोका' हा मान 6 गुणांना मिळतो. त्यासाठी त्यांनी एकभुक्त व्हावे. थेट 3 गुण पदरात.

सोमवार ते शुक्रवार न चुकता पंगतीला बसणाऱ्या आजींनी वर्षाने तोच कागद पुन्हा भरला, तर? आठवड्याची जेवणे 21. त्यातली 16 घरी, एकटीनेच.

गुण: 1.