पिशवी उलटून बघता, मग डबा का नाही?

मृगाच्या तोंडावर जालन्याच्या बाजारात कपाशीची पिशवी हातात आली की शेतकरी ती आधी उलटून बघतो. उगवणक्षमता 75 टक्के आहे ना, लॉट नंबर कुठला, तपासणी कधी झाली, मुदत कधीपर्यंत. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी केली, 1966 साली बियाणे कायदा आला, आणि पिशवीवर काय छापलेलं असलं पाहिजे हे या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलं.

त्याच घरात आईच्या गुडघ्यांसाठी गोळ्या आणि पोराच्या अंगाला लागावी म्हणून प्रोटीन पावडर येते. बहुतेकदा ओळखीच्याच माणसाने ‘मिटिंग’मध्ये गळ्यात मारलेली. तो डबा कुणी उलटून बघत नाही.

बघायला हवा. हे डबे औषध म्हणून नव्हे, अन्न म्हणून विकले जातात आणि त्यांना 2006 चा अन्न सुरक्षा कायदा लागू आहे. ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द, औषधी वापरासाठी नाही ही सूचना, रोजचं प्रमाण, त्याहून जास्त घेऊ नये हा इशारा आणि 14 अंकी परवाना क्रमांक, एवढं डब्यावर असलंच पाहिजे. आजार बरा होतो असा दावा करायला 2018 च्या नियमांनी बंदी आहे. म्हणून तो दावा डब्यावर छापायची हिंमत होत नाही; तो ओट्यावर बसून कानात सांगितला जातो, व्हॉट्सॲपवर फिरवला जातो. त्या भरवशावर कुणी मधुमेहाची गोळी सोडली तर भोगायचं त्याने एकट्याने.

आणि छापलेलं तरी खरं असतं का? 2024 साली ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतातल्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे 70 टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलं नाही. काहींत तर निम्मंच निघालं. चुकीच्या लेबलाला कायद्यात दंड आहे जास्तीत जास्त 3 लाख रुपये. मोठ्या कंपनीला हे चहापाणी आहे.

मला सर्वांत चीड येते ती भाषेची. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियम पाळला गेला; मराठी छापायला मुभा आहे, सक्ती नाही. मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या आजीने इंग्रजी इशारा कसा वाचायचा? जिथे माल विकता तिथल्या भाषेत निदान इशारा तरी छापा, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंधनकारक केलंच पाहिजे.

तोवर बियाण्याची जी काळजी घेता तीच इथे घ्या. बियाणं उगवलं नाही तर पंचनाम्याला लागतात म्हणून पावती, पिशवी आणि टॅग जपून ठेवता ना? तसंच बिल आणि डबा ठेवा. बिल द्यायला नकार देणाऱ्याकडून घेऊच नका. लेबलात खोट दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. कायद्याचं 40 वं कलम तर गिऱ्हाइकाला थेट हक्क देतं: फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घ्या, दोष निघाला तर फी परत. अट एकच, तपासणी करणार आहे हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. पुढच्या मिटिंगमध्ये पैसे काढण्याआधी ते सर्वांसमक्ष सांगा.