तळ उठलाच नाही

शहाडला उतरा, रिक्षावाला ओरडतो, "कॅम्प एक!" विठ्ठलवाडीला उतरा, "कॅम्प चार!" अंबरनाथ-बदलापूरची माणसंही उल्हासनगरला जात नाहीत, कॅम्पात जातात. लग्न ठरलं की फर्निचरला कॅम्पात, कॉलेज सुरू झालं की जीन्सला कॅम्पात.

कॅम्प म्हणजे तळ. आज पडला, उद्या उठला. हा पडला दुसऱ्या महायुद्धात, कल्याणजवळ, सैनिकांसाठी. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव मिळालं. 1996 पासून महानगरपालिका आहे. पाच कॅम्पांना 421001 ते 421005 असे पाच पिनकोडही मिळाले.

टपाल खात्याला जे साधलं ते महसूल खात्याला साधलं नाही. निर्वासितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा 1954 चा. संसदेनं तो 2005 साली रद्दही केला, तरी कित्येक घरांच्या हाती अजून मालकीची सनद नाही. सनद नाही म्हणून नकाशा मंजूर नाही, नकाशा नाही म्हणून कर्ज नाही, आणि मोडकी इमारत पाडून नवी बांधायची सोय नाही. 2006 मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा झाला. त्यातून सुटलेल्या इमारती मोजक्याच. बाकीच्यांत माणसं राहतातच. कुठे जाणार?

मे 2021 मध्ये पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. एकट्या साईसिद्धी इमारतीत सात जण गेले. तेव्हा आपल्याकडे लोकलच्या डब्यात बोललं गेलं, "कॅम्पातलं बांधकाम, दुसरं काय होणार?" हे वाक्य मला संतापजनक वाटतं. 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा शिळा विनोद त्याच जातीचा. सगळं सोडून आलेल्यांनी बराकीतल्या खोलीत पापड लाटले, मशिनं बसवली, बाजार उभा केला. शेजारी सुभाष टेकडीवर मराठी घरं वसली. त्यांचंही छप्पर याच कागदात अडकलंय.

कॅम्प हे नाव राहू द्या, ते लोकांनी आपलंसं केलंय. पण सरकारनं प्रत्येक कॅम्पात मोजणीचं पथक बसवावं, सनदेचे अर्ज मुदत घालून निकाली काढावेत, आणि धोकादायक इमारतींना पावसाळ्याच्या तोंडावर नुसत्या नोटिसा चिकटवण्याऐवजी तिथल्या कुटुंबांना आधी राहायला जागा द्यावी.