समोरच्यांची काळी गाडी

“अहो वहिनी, जरा कुंपणाशी या. समोरच्यांच्या निखिलनं गाडी घेतली, बघितलीत?”

“बघितली की! जुनीच घेतलीये, अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट 220. इंजिन काळं, सायलेन्सर काळा, चाकंसुद्धा काळी. एवढी काळी, की दृष्टीला वेगळी बाहुली टांगायला नको.”

“आमचे हे आकुर्डीला बजाजमध्येच होते ना, त्यांनी लगेच कुंडली मांडली. मूळ ही कावासाकीची एलिमिनेटर. 2005 मध्ये तिचीच अ‍ॅव्हेंजर झाली. 2015 मध्ये 220 च्या दोन बहिणी केल्या. एक उंच हँडलची, क्रोमनं मढवलेली क्रूझ आणि ही आडव्या हँडलची काळी स्ट्रीट. इंजिन दोघींचं तेच.”

“म्हणजे नुसता पोशाखच वेगळा!”

“हँडलही वेगळं. पण पोरांना विचाराल तर त्या काळ्या पोशाखावरच जीव.”

“पळते का पण?”

“इंजिन पल्सर 220 च्या घराण्यातलं, पण ताकद एकोणीसच हॉर्सपॉवर. पल्सरची जरा जास्त. ऐंशीनं हायवेला आरामात जाते म्हणे, पुढे वारा छातीवर बसतो. अहो, ही शर्यतीची गाडीच नव्हे! सीट इतकी बुटकी, की निखिलचे दोन्ही पाय सपाट टेकतात. सिग्नलला बघा, कसा ऐटीत उभा असतो.”

“आणि आपल्या बोळात? काल वळवताना दोनदा मागे घेतली. चाकांमधलं अंतर जवळपास दीड मीटर!”

“खड्ड्यांचं तर विचारूच नका. पाय पुढे पसरलेले, खड्डा दिसला तरी पटकन उठता येत नाही. सगळा दणका माकडहाडाला.”

“त्याच्या आईनं टाकी चमकवायला खोबरेल तेल चोळलं, कळलं का?”

“अगं बाई! तो मॅट रंग. पॉलिशसुद्धा चालत नाही, चट्टे पडतात.”

“पडलेच! टाकीवर हा एवढा तेलकट डाग. निखिल साबणाचं पाणी घेऊन तासभर पुसत होता, आणि आई वरून म्हणते, थोडी तरी चमकली ना!”

“काळ्यावर धूळही पटकन दिसते. रोजचं पुसणं आलंच.”

“मला म्हणाला, काकू, चला देहूला दर्शनाला.”

“जा की, पण मागची सीट बघून ठेवा. देहूपर्यंत ठीक. महाबळेश्वर म्हणाला, तर सरळ एसटीनं जा.”