मुरायला ठेवलेला हेडफोन

"अण्णा, ओ अण्णा! जरा भिंतीपाशी येता का?"

"आलो, आलो. काय झालं वहिनी?"

"काही नाही ओ. काल पलीकडच्या मावशी विरजण मागायला आल्या होत्या. आल्या तशा कान टवकारून उभ्या. म्हणाल्या, माडीवर नळ वाहतोय तुमचा. मी वर जाऊन बघितलं, तर बंटीच्या कपाटातून ‘शूंऽऽ’ येतंय. आत हेडफोन. चार पांघरुणांखाली दाबून ठेवलेला, आणि वाजतोय आपला."

"पिंक नॉईज लावला असेल."

"तेच म्हणाला तो. काय असतंय ते?"

"सगळे सूर एकदम वाजवलेला खरखराट. प्रत्येक सप्तकात सारखी ताकद भरलेली असते. त्यामुळे धबधब्यासारखा ऐकू येतो. स्पीकर तपासायला आम्हीही वापरायचो. पण कपाटात कशाला?"

"नवा घेतलाय ना. दोन हजाराचा, वायरवाला, कानभर बसणारा. पहिल्या दिवशी घातला आणि तोंड पाडून बसला. खर्ज नाही, वरचा आवाज टोचतोय, डावीकडून कमीच येतंय. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, नवा माल आहे, आधी शंभर तास वाजवा, मग बोला. आता तुम्हीच सांगा, लोणचं आहे का ते मुरायला?"

"शंभर तास म्हणजे रात्रंदिवस लावला तरी चार दिवस आणि वर चार तास. रोज तीन तास ऐकून पुरे करायचे म्हटलं तर महिना उलटेल. दुकानदार हुशार आहे हं."

"म्हणजे थाप मारतोय?"

"थाप नाही म्हणणार मी. निम्मं खरं आहे, पण ते स्पीकरचं. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? बारा इंची स्पीकरच्या मागे, कॉइलच्या गळ्याशी, नागमोडी घड्यांचं पिवळट कापड असतं बघा. त्याला स्पायडर म्हणतात. राळेत भिजवून कडक केलेलं असतं. कोनच्या कडेला फोमची नाहीतर रबराची गोट. नवा स्पीकर बोटांनी दाबला की ताठ लागतो. तासभर खर्ज वाजवून परत दाबा, जरा मऊ झालेला असतो. त्याचा स्वतःचा जो सूर, रेझोनन्स म्हणतात तो, थोडा खाली उतरतो. हे मीटरवर दिसतं. आणि बरंचसं काम पहिल्या काही तासांतच उरकतं, शंभरापर्यंत जावंही लागत नाही."

"मग हेडफोनातपण तसंच असेल की."

"तिथेच तर गंमत आहे. ह्यात स्पायडरच नसतो! प्लास्टिकची एक फिल्म असते, केसाहूनही पातळ. तिलाच कॉइल चिकटवलेली, आणि कडेला त्याच फिल्मची घड्या घातलेली झालर. मागे चुंबक. हलून हलून ती हलणार किती? मिलिमीटरचा बारीकसा भाग. सैल व्हायला तिथे आहेच काय?"

"पण कुणी मोजून बघितलंय का? का तुम्हीही अंदाजानेच?"

"मोजलंय की. टिल हर्टसेन्स म्हणून एक अमेरिकन आहे, त्याचा सगळा जन्म हेडफोनातच गेला. त्याने एकेजी कंपनीचा नवाकोरा क्यू ७०१ मापाच्या यंत्रावर चढवला आणि वाजवत वाजवत आलेख काढत गेला. फरक सापडला, नाही असं नाही. पण इतका बारीक, की हेडफोन डोक्यावर जरा मागेपुढे सरकला तरी त्याहून जास्त पडावा."

"अहो पण कालच बंटी म्हणत होता, खर्ज आलाय म्हणून. पोरगं खोटं कशाला बोलेल?"

"खोटं नाही बोलत तो. त्याला खर्ज ऐकू येतोय हे खरंच. फक्त तो कुठून आला, एवढंच बघायचं. हेडफोन आणलाय का खाली?"

"हा घ्या. तुम्हाला दाखवायलाच आणला."

"मला नको, तुम्ही घाला. लावा एखादं गाणं. तबल्याचं असलेलं लावा. हं, डग्गा कसा लागतोय?"

"असाच आपला. लांबून आल्यासारखा."

"आता दोन्ही हातांनी कप कानांवर हळूच दाबून धरा."

"अगं बाई! घुमला की! हे काय केलंत?"

"मी कुठे काय केलं? तुमच्या कुड्या आणि मागचा अंबाडा, दोन्हींमुळे गादी कानाभोवती नीट बसत नव्हती. त्या फटीतून सगळा खर्ज निघून जात होता. बंटीला चष्मा आहे ना? काडीपाशी तशीच फट पडते. आता ही गादी बघा. वर रेक्झिन, आत फोम. नवी असते तेव्हा टणक. डोक्याच्या उबेने आणि दाबाने चार दिवसांत काडीभोवती बसते, फट बुजते, खर्ज येतो. वाजवल्याने नाही, घातल्याने. कपाटात पांघरुणाखाली ठेवून गादी कशी बसणार? तिथे डोकं कुठे आहे?"

"होय की ओ! पण मग वरचा आवाज टोचायचा थांबला, तो कसा?"

"तो कानाने थांबवला. कान म्हणजे डोक्याने. बाजारपेठेतल्या रस्त्यावर राहायला गेलेल्या माणसाला आठ दिवसांनी हॉर्न ऐकू येतात का? तसंच. जुन्या हेडफोनची सवय मोडते, नव्याची लागते. आणि तो काल-आजची तुलना करतोय ती आठवणीतल्या आवाजाशी. आवाजाचा नेमका पोत डोक्यात काही सेकंद टिकतो, वहिनी. सोमवारचा टोचरेपणा शनिवारी कुणाला मोजता येणार?"

"बाई गं."

"अजून एक गोष्ट, ती मात्र तुम्ही लक्ष ठेवून बघा. फोनवर आवाजाची पट्टी पहिल्या दिवशी कुठे होती आणि आता कुठे आहे?"

"वाढलीय. मी कालच ओरडले त्याला. जेवायला हाका मारून घसा बसला माझा."

"झालं तर मग. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 सालीच दाखवून ठेवलंय, की हळू आवाजात कानाला खर्ज कमी लागतो. आवाज वाढवा, की खर्ज आपोआप भरतो. पोरगं रोज एक-एक घर वर चढवतंय आणि म्हणतंय, हेडफोन मोकळा झाला! जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे, 80 डेसिबलला आठवड्याला चाळीस तास, त्याच्या वर जायचं नाही. हेडफोन मुरेल न मुरेल, कान मात्र कायमचे जातील."

"हे सांगते मी त्याला. पण अण्णा, एक मनात येतंय. आपल्या सतारमेकर गल्लीत तर म्हणतात ना, तंबोरा वाजवत राहिलं की बोलायला लागतो?"

"मिरजेत राहून ते नाकारायची माझी काय बिशाद! लाकडाचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्याच कारागिरांना जवारीचं विचारा. घोडीवर तारा घासून घासून खाचा पडतात, झणकार मिटत जातो, आणि तंबोरा परत जवारी काढायला न्यावा लागतो. म्हणजे वाजवल्याने वस्तू सुधारतेच असं नाही, बिघडतेही. आता सांगा, हेडफोन वाजवून खराब झाला, आधी बरा होता, असं कुणी म्हटलेलं ऐकलंय? सगळ्यांचे सुधारतातच! फिल्म खरंच सैल होत असती, तर शंभरातल्या दहावीसांचा तरी सूर वाकड्या बाजूला गेला असता. नेमकी चांगल्याकडेच जायची आणि शंभराव्या तासाला थांबायचं, हे त्या फिल्मला कुणी शिकवलं?"

"हे मात्र पटलं बघा. आणि आमच्या सासूबाईंचं ऐका. बंटीने त्यांना खाँसाहेबांचं गाणं लावून दिलं. अब्दुल करीम खाँ म्हणजे त्यांचा जीव. दर्ग्यातला उरूस आला की अजून रात्रभर बसायची तयारी असते. हेडफोन घातला आणि म्हणाल्या, खरखर फार आहे रे, कच्चा आहे अजून, वाजू दे."

"अहो, खाँसाहेब 1937 सालीच गेले. ती खरखर त्या तबकड्यांची आहे. हजार तास वाजवा, जायची नाही. उलट हेडफोन चांगला असेल तर जास्तच स्पष्ट ऐकू येईल."

"आणि तो कोपऱ्यावरच्या बंगल्यातला जावई? तो तर म्हणाला, हेडफोनच काय, वायरसुद्धा मुरवावी लागते. पुण्याहून वायर आणलीय त्याने, हेडफोनपेक्षा महाग!"

"त्याच्या सासऱ्याला सांगू नका. तांब्याच्या तारेत हलणारं काहीच नसतं, तिथे सैल काय होणार? पण ज्याने पैसे घातलेत त्याला फरक ऐकू येतोच, तो येणारच. बंटीला खरंच बघायचं असेल तर मित्राकडून तसलाच वापरलेला हेडफोन आणा. डोळे बांधा, आणि धाकटीला सांगा, कधी हा दे, कधी तो दे, आवाज सारखा ठेवून. दहा वेळा. पाच-सहा वेळा तर नाणं उडवूनही बरोबर येतं. नऊ किंवा दहा आले तर मानायचं, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे बरोबर यायची शक्यता शंभरात एखादीच. तरीसुद्धा दोन नगांत मुळातच फरक असतो, स्वस्त मालात तर असतोच. तेव्हा ओळखलं म्हणून मुरला, असंही नाही."

"म्हणजे एकूण काय, वाजू द्यायचा का नाही?"

"वाजू दे, नुकसान काही नाही. माफक आवाजात ठेवला तर हेडफोनला काही होत नाही. प्रश्न आहे तो डाव्या बाजूचा. त्याचं मघाशी राहूनच गेलं. परत घाला हो जरा. कुठून कमी येतंय?"

"डावीकडूनच."

"आता उलटा घाला. डावा कप उजव्या कानावर."

"आता… उजवीकडून कमी येतंय."

"बघा. दोष कपाबरोबर फिरला. कान तुमचा ठीक आहे. तो कमी आवाज डाव्याच कानात राहिला असता, तर मी म्हटलं असतं कानात मळ असेल. आता गाणंच तसं नाही ना, आणि फोनमधली डाव्या-उजव्याची पट्टी सरकलेली नाही ना, एवढं बघून घ्या. तसं काही नसेल, तर हा नगच सदोष आहे. हे असलं शंभर तासांत सुधारत नसतं. घेतला कधी?"

"सोमवारी. आज शनिवार."

"आणि परत करायची मुदत?"

"बिलावर सात दिवस लिहिलंय."

"आता कळलं, तुमचा दुकानदार शंभर तास कशाला मोजायला सांगतोय? जो माल सात दिवसांत आवडला नाही, तो महिना वाजवल्यावर आवडेलही, कारण तोवर कानाला सवय होते. आणि नाहीच आवडला, तरी परत कोण घेतंय? म्हणून नव्या हेडफोनची पारख पहिल्या चार दिवसांतच करायची. नीट बसतो का, दोन्ही कान सारखे का, फरफरतो का, मान हलवली की वायर खरखरते का. ह्यातलं काहीही वाजवून बरं होत नाही. बाकी गोड-कडूचा काय तो निवाडा कान करतील सावकाश."

"मग आजच जाते. बंटीऽऽ! ऊठ, हेडफोन परत करायचाय!"

"बिल आणि खोकं बरोबर घ्या. खोक्याशिवाय घेत नाहीत हे लोक."

"खोकं? अहो अण्णा, चांगलं जाड पुठ्ठ्याचं होतं म्हणून मी त्यात आकाशकंदिलाच्या माळा भरून माळ्यावर टाकलं!"

"मग वहिनी, बंटीला नंतर उठवा. आधी शिडी लावा."