एक एक्स्टेन्शन, चार ब्राउझर आणि मानपान

लग्नाची पत्रिका सगळ्यांना एकच छापतात, पण द्यायची रीत घरागणिक निराळी. कुठे अक्षता घेऊन जोडीने जावे लागते, कुठे व्हॉट्सॲपवर पाठवली तरी भागते, आणि एक घर असे असतेच की तिथे तीनदा जाऊनही ‘आम्हाला कोण विचारतंय’ हे ऐकून घ्यावे लागते. ब्राउझरचे एक्स्टेन्शन करू इच्छिणाऱ्या आगाशीकराने एवढे पक्के ध्यानात ठेवले तर पुढचा मार्ग सुकर होईल. कोड एकच असतो. मानपान मात्र प्रत्येकाचे वेगळे.

संकल्प बेताचा करावा. उदाहरणार्थ, वेबपानावरचे इंग्रजी आकडे मराठी करून दाखवणारे एक्स्टेन्शन घ्या. राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांसाठी आगाशीचे नाव आहे, तेव्हा सुकेळी विकणाऱ्या एखाद्या पानावर भाव मराठी आकड्यांत दिसावा, एवढीच माफक अपेक्षा. जगाचे कल्याण दुसऱ्या आवृत्तीत करावे.

चाचणीसाठी घराबाहेर पडायचे कारण नाही. काका जुन्या डेस्कटॉपवर फायरफॉक्स वापरतात, कारण ‘गूगलला आपलं सगळं कळतं’. भाचीकडे क्रोम. आतेभाऊ अंधेरीच्या ऑफिसचा लॅपटॉप घरी आणतो, त्यावर एज. दुसरे काही टाकायची त्याला परवानगी नाही. वहिनींच्या आयफोनवर सफारी आहे. तिचे नाव सफारी आहे हे त्यांना माहीत नाही, त्या तिला ‘इंटरनेट’ म्हणतात. ज्याच्या घरात ही चारही माणसे एका छपराखाली नांदतात, त्याला वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही.

आता घराणी समजून घ्यावीत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही सगळी क्रोमियमच्या कुळातली. ऑपेरा २०१३ साली या कुळात आला, एज जानेवारी २०२० मध्ये. त्यामुळे भाचीकडे चालले की आतेभावाकडेही बहुतेक चालतेच. (ऑफिसने एक्स्टेन्शनेच बंद करून ठेवली असतील तर तो विषय तंत्रज्ञानाचा नसून वरिष्ठांचा आहे.) फायरफॉक्सचे कूळ वेगळे. त्याची जुनी एक्स्टेन्शने थेट ब्राउझरच्या माजघरात शिरून हवी ती उलथापालथ करत. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ५७वी आवृत्ती आली आणि ती सगळी एकजात बाद झाली. तेव्हापासून फायरफॉक्सनेही क्रोमशी मिळतीजुळती पद्धत धरली. ‘मिळतीजुळती’ या शब्दावर बोट ठेवून ठेवावे, पुढे लागेल.

एक्स्टेन्शनची ओळख सांगणारी फाईल हीच आपली पत्रिका, तिचे नाव मॅनिफेस्ट डॉट जेसन. वर नाव, आवृत्ती आणि ‘मॅनिफेस्ट व्हर्जन ३’ हे लिहावे. खरा पेच ‘बॅकग्राउंड’ या रकान्यात आहे. पडद्यामागे काम करणाऱ्या फायलीला क्रोम ‘सर्व्हिस वर्कर’ म्हणतो, आणि हे पद नसेल तर तिला ओळखत नाही. फायरफॉक्स त्याच जागी ‘स्क्रिप्ट्स’ मागतो. पूर्वी दोन्ही लिहिले की क्रोम पत्रिकाच परत करायचा, म्हणून लोक दोन वेगळ्या पत्रिका छापत. दोघांच्याही १२१व्या आवृत्तीपासून दोन्ही नावे एकाच रकान्यात चालतात, जो तो आपल्या नावाचे तेवढे वाचतो. तेव्हा दोन्ही लिहावीत आणि ‘किमान आवृत्ती’ही घालावी, काकांचा डेस्कटॉप किती जुना आहे, हे ते स्वतःहून सांगणार नाहीत.

सर्व्हिस वर्करबद्दल आणखी एक. तीस सेकंद काही काम नसले की क्रोम त्याला झोपवतो. जागा होतो तेव्हा आधीचे काहीही त्याच्या लक्षात नसते. आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी, ही वापरणाऱ्याची निवड एखाद्या साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली तर चहाचा कप विसळून येईपर्यंत ती गायब होते आणि भाची म्हणते, ‘मामा, हे आपोआप बंद होतंय.’ ते आपोआप बंद होत नाही, विसरते. म्हणून निवड कायम ‘स्टोरेज लोकल’मध्येच लिहावी. वेबपानांवरच्या सवयीने ‘लोकलस्टोरेज’ लिहायला जाऊ नये. नाव उलटे आहे एवढाच फरक नाही, ते सर्व्हिस वर्करला मुळात मिळतच नाही.

हाक मारण्याची रीतही वेगळी. क्रोममध्ये प्रत्येक हाकेच्या आधी ‘क्रोम’ लिहायचे, फायरफॉक्स आणि सफारीत ‘ब्राउझर’. ही दोघे समजूतदार आहेत, ‘क्रोम’ म्हटले तरी ओ देतात. तरीही फायलीच्या पहिल्याच ओळीत, ‘ब्राउझर’ असेल तर तो घे, नसेल तर ‘क्रोम’ घे, असे एकदा लिहून टाकावे आणि पुढे सगळीकडे तेच नाव वापरावे. मोझिलाने याच कामासाठी ‘वेबएक्स्टेन्शन पॉलिफिल’ नावाची तयार फाईल दिलेली आहे. आकडे बदलण्यासाठी ती आणणे म्हणजे जरा जास्तच.

आता प्रत्यक्ष आकडे. पानावरचा मजकूर तुकड्या-तुकड्याने घेऊन शून्य ते नऊ बदलत जायचे, असे वाटते तितकेच ते सोपे आहे. फक्त त्या तुकड्यांत पानाची सजावट सांगणारा ‘स्टाइल’चा मजकूरही असतो. तिथले दहा पिक्सेल मराठीत ‘१० पिक्सेल’ झाले की ब्राउझरला ते कळत नाही, आणि सुकेळ्यांचा फोटो पानाच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन चिकटतो. मराठीचा अभिमान इथे आवरावा. स्टाइल, स्क्रिप्ट आणि लिहिण्याच्या चौकटी वगळाव्यात. तरीही एक धोका उरतो, आणि तो वहिनी शोधून काढतील. पानावर आगाशीचा पिन कोड ४०१३०१ असा सुरेख मराठीत दिसतो. त्या तो कॉपी करून ऑर्डरच्या फॉर्ममध्ये टाकतात. फॉर्म म्हणतो, ‘पिन कोड चुकीचा आहे.’ यावर उपाय एकच: कॉपी होताना आकडे गुपचूप परत इंग्रजी करून द्यावेत. दाखवायचे मराठी, द्यायचे इंग्रजी.

परवानगी मागताना नम्र असावे. सगळ्या वेबसाइट मागितल्या की ब्राउझर बजावतो: हे तुमचा सगळ्या साइटवरचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल. काका हे वाचून थेट आधार कार्डापर्यंत पोचतात. त्यापेक्षा ‘ॲक्टिव्ह टॅब’ मागावी, म्हणजे बटण दाबले तरच आणि त्या एकाच पानापुरते काम होते. इशारा नाही, आधार कार्ड नाही.

बसवण्याचा विधी. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू करून ‘लोड अनपॅक्ड’ दाबावे आणि फोल्डर दाखवावा, झाले. फायरफॉक्समध्ये अबाउट डीबगिंगच्या पानावरून तात्पुरते बसवता येते. तात्पुरते म्हणजे खरोखर तात्पुरते: काकांनी फायरफॉक्स बंद केला की एक्स्टेन्शन गेले. कायमचे हवे तर मोझिलाची सही लागते. ती फुकट मिळते, पण पत्रिकेत ‘गेको’ या रकान्यात स्वतःची ओळख लिहावी लागते. क्रोम तो रकाना पाहून, हे काय लिहिलंय, असा शेरा मारतो. मनावर घेऊ नये. क्रोमच्या वेब स्टोअरमध्ये नाव नोंदवायला एकदाच ५ डॉलर पडतात. एजचे दुकान नोंदणीचे पैसे घेत नाही.

मराठी नाव द्यायचे तर ‘लोकेल्स’च्या फोल्डरात ‘एमआर’ नावाचा फोल्डर करावा आणि पत्रिकेत ‘डीफॉल्ट लोकेल’ लिहायला विसरू नये. फोल्डर आहे आणि ती ओळ नाही, असे झाले तर क्रोम एक्स्टेन्शन उचलायलाच नकार देतो. आपल्या भाषेसाठी त्यांनी जागा ठेवलेली आहे, ती रिकामी ठेवू नये.

ज्यांना हा सगळा व्याप नव्या जमान्याचा वाटतो, त्यांनी आगाशीहून सोपाऱ्याकडे एक चक्कर मारावी. तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडला; नवव्याचा पुढे १९५६ साली भुईगावला मिळाला. सोपाऱ्याला ब्राह्मी लिपी, शाहबाजगढीला खरोष्ठी, कंदाहारला ग्रीक आणि अरामी. आज्ञा त्याच, पण जिथे जे वाचले जाते तिथे ते. त्याच्याकडे अर्थात साम्राज्य होते. आपल्याकडे रविवारची दुपार आहे, आणि मधूनच वीज जाते.

फोनचे थोडक्यात. अँड्रॉइडवरचा क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही, कितीही मनधरणी केली तरी. तिथे फायरफॉक्सचा आधार. डिसेंबर २०२३ पासून त्याने दार बऱ्यापैकी उघडले आहे. विरार लोकलमध्ये उभ्याने फोनवर चाचणी करू नये. चूक एक्स्टेन्शनची, नेटवर्कची की शेजाऱ्याच्या कोपराची, हे ठरवता येत नाही.

राहिली सफारी, म्हणजे ते तीनदा जावे लागणारे घर. २०२० पासून तिनेही हीच पद्धत मान्य केली आहे आणि २०२१ पासून आयफोनवरही. पण एक्स्टेन्शन तसेच नेऊन चालत नाही, ते एका ॲपच्या पोटात घालून न्यावे लागते. त्याची रूढ वाट मॅकवरच्या एक्सकोडमधून जाते. ॲप स्टोअरमध्ये ठेवायचे तर ॲपलच्या डेव्हलपर कार्यक्रमाची फी वर्षाला ९९ डॉलर, आणि ती दरवर्षी. म्हणून क्रोम, एज आणि फायरफॉक्स आधी उरकावेत आणि सफारीचे काम हाती घेण्यापूर्वी वहिनींना सरळ विचारावे, आकडे मराठीत हवेत का. ‘मला इंग्रजी आकडे वाचता येतात, तू आधी तो पिन कोड नीट कर,’ असे उत्तर आले, तर पिन कोड नीट करावा आणि ९९ डॉलर वाचवावेत.