आपला पोट्टा सध्या कुठं हाय?

अमरावतीच्या राजकमल चौकात मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी कोणालाही विचारा, "आयपीएलमध्ये तुम्ही कोणाकडून?" बाकीचे चटकन चेन्नई, मुंबई असं काहीतरी सांगून मोकळे होतील. आमचे भाऊ तसे सांगणार नाहीत. ते सुपारीचं खांड या गालातून त्या गालात नेतील, चष्मा कपाळावर चढवतील आणि म्हणतील, "आता तुमीच पाहा. जितेश बंगळूरले हाय. अथर्व हैदराबादले. यश ठाकूर पंजाबले. शुभम दुबे राजस्थानले. मंग आपुन कोनाकडून म्हनाव?"

हे २०२५चं उत्तर. दरवर्षीचं उत्तर वेगळं असतं, कारण भाऊंची निष्ठा लिलावाच्या दिवशी ठरते. उमेश यादव जोरात होता तेव्हा भाऊ त्याच्यामागोमाग दिल्लीहून कोलकात्याला गेले, तिथून बंगळूरला, परत दिल्ली, परत कोलकाता आणि शेवटी २०२४ला गुजरात. एवढं फिरूनही त्यांच्यावर पक्षांतराचा ठपका कोणी ठेवला नाही.

भाऊ म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. अमरावतीत त्यांना भाऊ म्हणतात, अकोल्यात काका. कोणी रिटायर्ड मास्तर असतो, कोणाचं कृषी सेवा केंद्र असतं. मूर्तिजापूरलाही एक आहेत. ते अमरावतीत गेले की अमरावतीकडून बोलतात, अकोल्यात गेले की अकोल्याकडून. तिघांची खूण एकच: विदर्भ जिंकला की नाही हे ते नंतर पाहतात. आधी पाहतात विदर्भातून गेलेले पोट्टे कुठं काय करून राहिले ते.

त्यासाठी डायरी असते. बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली, मुखपृष्ठावर सोयाबीनचं हिरवंगार पीक. आत तारखांशी काहीही संबंध न ठेवता चार रकाने आखलेले: नाव, मूळ गाव, सध्या मुक्काम, शेरा. शेरे वाचण्यासारखे असतात. २०२४-२५चे हे दोन: 'सरवटे – नागपूर – केरळ – तब्येत ठीक, बॉल वळते.' 'गुरबानी – नागपूर – महाराष्ट्र (पुणे) – राग नाही.' या 'राग नाही'खाली दोन रेघा मारलेल्या असतात, त्यावरून काय ते समजावं.

या सगळ्या प्रकाराकडे भाऊ लेकीच्या सासरासारखं पाहतात. लेक दिली, आता ती त्या घरची. पण तिथं तिला काय वागवतात, ताटात काय वाढतात, याची चौकशी माहेरानं करायची नाही तर कोणी? म्हणून २०२४-२५च्या रणजी मोसमात सरवटेच्या केरळचा सामना तिरुवनंतपुरमला चालू असायचा आणि भाऊ अमरावतीत दुकानाच्या गल्ल्यावर बसून बोलत असायचे, "काहून बॉलिंग नाही देऊन राहिले त्याले? तीस ओवर झाल्या!" समोर खताची पिशवी घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला वाटायचं, घरातच काहीतरी झालं.

आदित्य सरवटेचं प्रकरण तर भाऊंच्या आयुष्यातला कळस म्हणायला हवा. या डावखुऱ्या फिरकीवाल्यानं फेब्रुवारी २०१९मध्ये नागपुरात सौराष्ट्राविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन डावांत मिळून एक धाव करू दिली आणि विदर्भाला लागोपाठ दुसरं विजेतेपद मिळवून दिलं. मग २०२४-२५च्या मोसमात तो केरळला गेला. आणि नशिबाचा खेळ असा, की त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले ते विदर्भ आणि केरळ, तेही नागपूरजवळच्या जामठ्यालाच. लेक माहेरी आली ती सासरच्यांना घेऊन, आणि तीही भांडायला.

पाच दिवस भाऊंना नीट जेवण गेलं नाही. सरवटेनं पहिल्या डावात ७९ धावा काढल्या. चौकातले बाकी लोक कपाळाला हात लावून बसलेले आणि भाऊंचा चेहरा उजळलेला. "अबे, पोट्टा खेळते ना!" कोणीतरी ओरडलं, "भाऊ, तो आपल्या विरुद्ध खेळून राहिला!" भाऊ म्हणाले, "विरुद्ध असन. पन पाय कसा हलते पाय त्याचा." दुसऱ्या डावात त्यानं चार बळीही घेतले. त्यात शतकवीर करुण नायर एक. आता इथं मात्र भाऊंची डायरी पार गोंधळून गेली. बाद झालेला करुण नायर विदर्भाचा, पण मल्याळी घरातला, जन्मला जोधपूरला, वाढला बंगळूरला आणि आधी कर्नाटकचा. बाद करणारा सरवटे केरळचा, पण नागपूरचा. टाळ्या वाजवायच्या तर कोणासाठी? भाऊंनी दोघांसाठी वाजवल्या. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला. भाऊंचा शेरा: 'दोन्हीकडून आपुनच.'

अशा नोंदी लिहिता लिहिता भाऊंना एक खोड लागली आहे. जगात कुठंही काही चांगलं झालं की त्याचा धागा ते विदर्भापर्यंत आणून सोडतात. चंद्रकांत पंडित विदर्भाचे प्रशिक्षक असताना पहिली रणजी आली, १ जानेवारी २०१८ला, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला हरवून. पुढं पंडित मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ला त्यांनी मुंबईला हरवून मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून दिली. भाऊंनी त्या दिवशी पेढे वाटले. पेढा हातात घेऊन कोणी विचारलं, "भाऊ, मध्य प्रदेश जिंकला, तुम्हाला काय त्याचं?" तर उत्तर तयार: "छप्पन सालापरेंत आपुन मध्य प्रदेशातच होतो ना बाप्पा!" हे मात्र खरंच आहे. १९५६च्या नोव्हेंबरात अमरावती-अकोला मुंबई राज्यात आले. त्याआधी राजधानी नागपूर आणि राज्य मध्य प्रदेश. २०२२च्या त्याच अंतिम सामन्यात शतक ठोकणारा रजत पाटीदार पुढं बंगळूरचा कप्तान झाला आणि २०२५ची आयपीएल जिंकला. त्यामुळे ती ट्रॉफीसुद्धा पंडितांमार्फत थोडीशी आपली.

इंदूरचा विषय निघाला की भाऊ थेट सी. के. नायडूंपर्यंत जातात. १८९५ला नागपुरात जन्मलेला माणूस, भारताचा पहिला कसोटी कप्तान, आणि पुढं खेळला तो होळकरांच्या संघाकडून. भाऊंच्या डायरीत पहिलं नाव त्यांचंच आहे. मुक्कामाच्या रकान्यात 'इंदूर', शेऱ्यात 'पहिला गेलेला.' विदर्भानं पहिली रणजी नेमकी होळकरांच्या नावाच्या मैदानावर उचलली, याला भाऊ योगायोग मानत नाहीत. हिशेब चुकता झाला, एवढंच म्हणतात.

त्या २०१८च्या सामन्याची दुसरी गंमत तर त्यांना पाठच आहे. रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, त्यातला तिसरा बळी १४५वर खेळणारा दिल्लीचा ध्रुव शोरी. आज गुरबानी महाराष्ट्राकडून खेळतो आणि शोरी विदर्भाकडून. "ज्यानं दांडी उडवली थो गेला, ज्याची उडली थो आला," भाऊ सांगतात आणि स्वतःच हसतात. हसू मात्र अर्धंच असतं. केरळला गेलेला चालतो, त्रिपुराला गेलेला चालतो. पुण्याला गेलेला लागतो. कारण भाऊंचा स्वतःचा मुलगा हिंजवडीत आहे आणि तोही फोनवर 'राग नाही ना?' असंच विचारतो.

जितेश शर्मा हा अमरावतीचा अभिमान, त्यामुळे त्याच्यावर भाऊंचा हक्क थोडा जास्त. २७ मे २०२५ला लखनौला बंगळूरपुढं २२८ धावांचा पाठलाग होता आणि कप्तानी त्या दिवशी जितेशकडे होती. त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा झोडल्या. त्या रात्री भाऊंनी अकोल्याच्या काकांना साडेअकराला फोन करून फक्त एवढं विचारलं, "झोपले का?" पुढं काही दिवसांनी बातमी आली, की देशांतर्गत क्रिकेटमध्ये जितेश आता बडोद्याकडून खेळणार. भाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला: बडोदा म्हणजे गायकवाडांचं संस्थान. सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, मराठी माणूस. म्हणजे पोट्टा घरातल्या घरातच आहे.

अकोल्याच्या काकांची पंचाईत वेगळी. अथर्व तायडे अकोल्याचा, आदित्य ठाकरे अकोल्याचा. आदित्यनं तर रणजीत पदार्पण केलं तेच २०१७-१८च्या अंतिम सामन्यात. पण दोघंही विदर्भातच आहेत! माजी म्हणून नोंद करावी असं काही हाताशी लागत नाही. म्हणून काका आयपीएलमधल्या अन्यायांची फाईल ठेवतात. त्यातलं पहिलं पान मे २०२३चं: धरमशालेला पंजाबकडून खेळताना ४२ चेंडूंत ५५ धावांवर असलेल्या अथर्वला डाव चालू असताना परत बोलावलं, निवृत्त बाद म्हणून. काका अजून ते पान उघडतात. "पंचावन वर असलेल्या पोराले कोनी वापस बोलावते का जी? जेवत्या मानसाचं ताट काहाडलं!" भाऊ त्यावर थंडपणे म्हणतात, "तुमचा तर आजून घरीच हाय. आमचं दुःख तुमाले नाही समजनार."

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांची अशीच जमात आहे, असं भाऊंना न्यू जर्सीतल्या भाच्यानं सांगितलं. बोस्टनच्या संघानं १९१९च्या अखेरीस बेब रूथ हा खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीजना विकला. तो तिकडं जाऊन दैवत झाला आणि बोस्टनला पुढचं विजेतेपद मिळायला २००४ उजाडलं. मधली सगळी वर्षं तिथले लोक रूथचा शाप लागला म्हणत बसले. भाऊंना हे अजिबात पटलं नाही. "शाप कायचा? गेला तर गेला, त्याचा स्कोर पाहाचा, चांगला खेळला त खुश व्हाचं." मग जरा थांबून, "आपल्याले तं रणजीत उतरल्यापासून साठ वर्सं काहीच नव्हतं भेटलं. आपुन कोनाले शाप देल्ला?"

हे बाकी भाऊंचं बरोबर. विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतो आणि पहिली ट्रॉफी २०१८ला आली. एवढा काळ संघानं काहीच दिलं नाही, तेव्हा माणसं धरून बसण्यावाचून इलाज काय होता? प्रशांत वैद्य बंगालकडूनही खेळला, ती नोंद डायरीत आहे. फैज फजलचा एकुलता एक वनडे सामना, २०१६चा हरारेतला, त्यातले नाबाद ५५, तेही आहेत. वसीम जाफर मुंबईचा. पण तो उतारवयात इथं येऊन चाळिशीत इराणी चषकात २८६ काढून गेला, म्हणून भाऊंनी त्याला उलट्या रकान्यात घेतलंय: 'मूळ गाव – मुंबई, मुक्काम – काळजात.'

करुण नायर २०२५-२६च्या मोसमात परत कर्नाटकला गेला. भाऊंनी त्याच दिवशी डायरीचं पान उलटून त्याचं नाव माजींमध्ये लिहिलं, आणि तेव्हापासून ते कर्नाटकचेही सामने पाहतात. दोन मोबाइल लागतात, चार्जरही दोन.

तुम्ही कधी अमरावतीत आलात आणि चहाच्या टपरीवर शेजारचा माणूस बडोद्याचा स्कोअर मन लावून पाहताना दिसला, तर त्याला गुजराती समजू नका. आणि चुकूनही 'तुमची टीम कुठली?' असं विचारू नका. तुमची शेवटची बस निघून जाईल.