हरकत घ्यायला हरकत नाही

शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाल्याचं सामान्य माणसाला दोन मार्गांनी कळतं. एक, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस. ती "मूळ खरेदीखत गहाळ झाले आहे" आणि "माझ्या अशिलांशी कोणीही व्यवहार करू नये" यांच्या मधे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेली असते. दुसरा मार्ग म्हणजे मेहुण्याचा फोन. "दाजी, तुमच्या घरावरनं रस्ता चाललाय म्हणं." अनुभवाने सांगतो, दुसरा मार्ग जास्त खात्रीचा. आमचं गाव महापालिकेच्या हद्दीत आलं तेव्हापासून मी नोटिसा वाचणं सोडलं आणि मेहुण्याशी संबंध सुधारले.

फोन ठेवला की आधी कॅलेंडर काढा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ खाली हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यातले पहिले दहा "आपल्याला काय होतंय" म्हणण्यात जातात, पुढचे सात-आठ सुट्ट्या, लग्नं आणि साहेब साइटवर असण्यात. नोटीस निघून आठवडा झाल्यावर मेहुण्याला कळलेलं असतं, तोही धरा. म्हणजे तुमच्याकडे पाच-सहा दिवस आहेत. त्यात जगाच्या इतिहासात बरंच काही घडलेलं आहे, घाबरू नका.

पहिल्या दिवशी नकाशा बघायला जा. तो क्षेत्रीय कार्यालयाच्या जिन्यात लावलेला असतो. तुमचा भाग हमखास वरच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या मागे येतो. स्टूल मागू नका. स्टुलावर शिपाई बसलेला असतो. नकाशात तुमचं घर शोधायला गेलात तर सापडणार नाही, कारण नगररचनेच्या लेखी तुम्हाला घर नसतं, सर्व्हे नंबर असतो. तेवीस, हिस्सा दोन, पैकी. हा "पैकी" जपून ठेवा. आपल्याकडची अर्धी दिवाणी न्यायालयं या एका शब्दावर चालतात.

रंगांची भाषा सोपी आहे. पिवळा म्हणजे राहायचं, निळा म्हणजे विकायचं, जांभळा म्हणजे कारखाना आणि हिरवा म्हणजे शेती, निदान रंग वाळेपर्यंत. पिवळ्यातून दोन समांतर रेघा जात असतील तर तो प्रस्तावित रस्ता. माझ्या बाबतीत त्या रेघा न्हाणीघरातून शिरून चिकूच्या झाडापाशी बाहेर पडत होत्या. रुंदी बारा मीटर. मी शेजारी उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारलं, "इथे घर आहे हे दिसलं नाही का?" तो मुलगा भला होता. म्हणाला, "काका, बेस मॅप जुना आहे. त्यात फक्त चिकू होता."

यावर रागावू नये. मुंबईसारख्या मुंबईचा २०३४ पर्यंतचा पहिला प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की दोनच महिन्यांत सरकारने तो मागे घ्यायला लावला. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप २०२१ साली जाहीर झाला, साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच गुंडाळला. हजारो माणसं एकदम जिंकली. अभिनंदन करायला कोणी कोणाच्या घरी गेल्याचं मात्र ऐकिवात नाही, कारण पुढच्या आराखड्यात रेघ कुठून जाणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

आता हरकतीचा अर्ज. यात नवखे लोक एकच चूक करतात, ती म्हणजे खरं कारण लिहितात. "माझं न्हाणीघर जातंय" असं लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही. न्हाणीघर मनात ठेवा आणि कागदावर पर्यावरण लिहा. चिकूचं झाड "सुमारे चाळीस वर्षे जुना वृक्ष" होतो, त्यावरचे पोपट "पक्ष्यांचा अधिवास" होतात. रस्ता नको असेल तर शाळेत जाणारी मुलं आणा. रस्ता हवा असेल तर रुग्णवाहिका आणा. रुग्णवाहिका इतक्या अर्जांतून धावते की आमच्या पेठेत एवढे रुग्ण असते तर आराखड्याची गरजच पडली नसती.

अर्ज लिहिताना भावाशी बोलून घ्यावं, हे मी उशिरा शिकलो. आमची वडिलोपार्जित जागा एकच. पुढचा भाग माझा, मागचा धाकट्याचा. मी रस्ता रद्द करण्याची हरकत नोंदवली. त्याच दिवशी, त्याच खिडकीत, माझ्यामागे तीन माणसं सोडून धाकटा उभा होता. त्याच्या अर्जात रस्ता बाराऐवजी अठरा मीटर करावा अशी सूचना होती, कारण रस्ता झाला की त्याचा मागचा तुकडा दर्शनी होणार. दोघांच्याही अर्जात रुग्णवाहिका होती. दोघांनी एकाच झेरॉक्सवाल्याकडून नमुना घेतला होता.

अर्ज दिला की आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्या. शिक्का पुसट आला तर पुन्हा मारायला सांगा, लाजू नका. पुढल्या दहा वर्षांत तुमच्या म्हणण्याला शासनदरबारी मिळणारी सर्वांत ठळक दाद तीच असते.

सुनावणीचं पत्र येतं. ते आलं तर सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी येतं. सभागृहात समिती बसलेली असते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जाणकार. समोर नागरिक, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. फाइल जाड असावी. आत काय आहे याला महत्त्व नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या फाइलमध्ये लाइट बिलं आणि मुलीचा दहावीचा निकाल होता. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. माझी अशी गेली:

"सर्व्हे नंबर?"

"तेवीस, हिस्सा दोन, पैकी."

"पैकी किती?"

"त्याचाच वाद चालू आहे साहेब."

"बरं. हरकत काय?"

"साहेब, तिथे घर आहे. आणि चिकू..."

"चिकू नकाशात आहे," अभियंता अदबीने म्हणाला.

"आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. पुढचे."

इथे उठावं. बरेच लोक उठत नाहीत आणि आजोबांपासून सुरू करतात. त्यांना शिपाई उठवतो. "म्हणणं नोंदवून घेतलं" याचा अर्थ मान्यही नव्हे, अमान्यही नव्हे. पावसाळ्यात आपण शेजाऱ्याला "येतो एकदा चहाला" म्हणतो, त्या जातीचं ते वाक्य आहे. त्या दुपारी मी एकूण एकोणतीस म्हणणी ऐकली. त्यांतल्या सोळा जणांना बाग हवी होती. एकालाही स्वतःच्या प्लॉटवर नको होती.

ज्यांच्या जागेवर रेघ नसून आरक्षण पडलं आहे, म्हणजे क्रीडांगण, दवाखाना, मंडई वगैरे, त्यांनी सुनावणीत शक्ती घालवू नये. त्यांना कलम १२७ आहे. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि तरी जागा घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची; नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. थोडक्यात, काहीच न करणं. ही गोष्ट पालिका आणि नागरिक दोघांनाही उत्तम जमते, म्हणून या कलमाखाली उभयपक्षी सहकार्य दिसून येतं. आमच्या चौकातल्या मंडईच्या आरक्षणाचं असंच झालं. जागेला पत्रे मारले होते, आत एरंड माजला होता, आणि भाजीवाल्या पत्र्यांना पाठ लावून बाहेर रस्त्यावर बसत. अतिक्रमणची गाडी यायची ती त्यांना उचलायला. मंडई ज्यांच्यासाठी होती त्यांच्याकडे सर्व्हे नंबर नव्हता, त्यामुळे त्यांची हरकत कोणी नोंदवून घेतली नाही. त्यांच्यापैकी कोणी सुनावणीला आल्याचंही मी पाहिलं नाही. दुपारी गिऱ्हाईक असतं. आता तिथे सात मजली इमारत आहे. तळमजल्याच्या वातानुकूलित दुकानात भाजी मिळते.

ज्यांना आराखड्याच्या वाटेला जायचंच नाही, त्यांच्यासाठी गुंठेवारीचा राजमार्ग आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, एवढं गणित पुरतं. कायद्याने शेतजमिनीचे बारके तुकडे करता येत नाहीत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे, स्वातंत्र्याच्या वयाचा आणि तितकाच सर्वांनी गृहीत धरलेला. त्यामुळे तुकडा विकत घ्यायचा नाही. अकरा अनोळखी माणसांनी मिळून एक अख्खा तुकडा घ्यायचा, सामाईक सातबाऱ्यावर अकरा नावं चढवायची आणि शेतात फक्कीने रेघा मारायच्या. फक्कीचा रस्ता वीस फुटी असतो. प्रत्येक जण कुंपण घालताना दीड-दोन फूट पुढे सरकतो, आणि टेम्पो आत शिरायच्या वेळी तो रस्ता नऊ फुटी निघतो. (रुग्णवाहिका इथेही अडकते, पण इथे तिच्याबद्दल कोणी अर्ज करत नाही.) रीतसर ले-आउट करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. जमीन ४,००० चौरस मीटरच्या वर गेली की दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आपली जमीन शहाणी. ती पुष्कळदा चार हजाराच्या जरा अलीकडेच संपते.

नंतर काय, हा प्रश्न विचारू नये. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला. तो त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतच्या भूखंडांपुरता होता. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. माझ्या ओळखीचे एक प्लॉटिंगवाले गृहस्थ याला तारीख म्हणत नाहीत, हंगाम म्हणतात.

एवढं सगळं पार पडून इमारत उभी राहिली, की खरा नगररचनेचा प्रश्न सुरू होतो: गाडी कुठे लावायची? नियमावलीत मोटारीची जागा अडीच मीटर गुणिले पाच मीटर. ती नकाशात असते. आमच्या इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये मी टेप लावून पाहिली तर खांबापासून खांबापर्यंत पावणेदोन हात कमी; आर्किटेक्टने खांबाच्या मध्यापासून मोजलं होतं आणि खांबाला जाडी असते हे त्यालाही जिन्यातल्या अभियंत्यासारखं बेस मॅपमध्ये दिसलं नसावं. त्या जागेत गाडी जाते. दार उघडत नाही. म्हणून पत्नीला फाटकापाशी उतरवून गाडी आत घालायची, गिअरवरून पाय काढून डाव्या सीटवर यायचं आणि डाव्या दाराच्या वीतभर फटीतून बाहेर पडायचं. योगासनांचा क्लास मी बंद केला.

त्यात नियमावलीतल्या पार्किंगच्या तक्त्याने मधल्या आकाराच्या दोन सदनिकांमागे एक मोटार धरलेली. शेजाऱ्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमाविषयी शासनाला एवढी खात्री कुठून आली, कळत नाही. स्टिल्टची जागा सामाईक आहे, बिल्डरला ती सुटी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० ला दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. आमच्या बिल्डरने ती विकली नव्हतीच. त्याने रोख रक्कम घेतली होती आणि बोटाने जागा दाखवली होती. एकच जागा तिघांना, वेगवेगळ्या दिवशी.

म्हणून सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या. वर्षभर गणपूर्तीअभावी तहकूब होणारी सभा त्या दिवशी उभी राहायला जागा नसते इतकी भरते. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, तीनशे एकची चिमुरडी चिठ्ठी काढणार. गेल्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली तेव्हा तळमजल्यावरचे काका उठले. "हरकत आहे," म्हणाले. "चिठ्ठी दुमडलेली नव्हती." अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे." हा माणूस चौतीस वर्षं पालिकेत होता.

ज्यांची चिठ्ठी निघत नाही त्यांना रस्ता मोकळा आहे, फक्त सम तारखेला या बाजूचा आणि विषम तारखेला त्या. पण रस्त्यावरची जागाही राखावी लागते. सुरुवात विटांनी करतात. विटा टिकत नाहीत, कोणीतरी चुलीला नेतं. मग रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला पाइप. तो अतिक्रमणवाले नेतात. मोडकी खुर्ची दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी तिच्यावर वॉचमन बसलेला दिसतो. दोनशे दोनच्या वहिनींनी हे सगळं करून पाहिलं आणि शेवटी एका सकाळी रस्त्याच्या कडेला, चुन्याच्या चौकोनात, तुळशीची कुंडी आणून ठेवली. संध्याकाळी दिवा लावला.

ती कुंडी आजतागायत कोणी हलवलेली नाही. वाहतूक पोलीस क्रेन घेऊन येतो, कुंडीपाशी थबकतो, हात कपाळाला लावून पुढच्या स्कूटरकडे वळतो. डांबरीकरण झालं ते कुंडीला वळसा घालून. वहिनींनी गाडी मागच्या दिवाळीला विकली. पाणी रोज घालतात.